ऑर्किडच्या कुंडीत काय भरावं? साताऱ्यासाठी एक उत्तर, सांगलीसाठी दुसरं

फॅलेनॉप्सिस जातीचं फुललेलं ऑर्किड घरी येतं, दोन-अडीच महिने मिरवतं, मग फुलं गळतात आणि प्रश्न पडतो, आता हे कशात लावायचं? नर्सरीवाला मॉस (वाळवलेलं शेवाळ) सांगतो, शेजारच्या काकू नारळाचं सोडण म्हणतात आणि यूट्यूबवर कुणीतरी नुसत्या कोळशात लावून दाखवतं. तिघंही खरं बोलतात, फक्त आपापल्या हवेपुरतं. मी साताऱ्यात राहते, धाकटी बहीण सांगलीत विश्रामबागला. दोघींकडे रोपं सारख्याच जातींची आहेत, कुंडीतला भरणा मात्र वेगळा. त्यामुळे ही तुलना हवेपासूनच सुरू करावी लागते.

साताऱ्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. कासच्या बाजूने ढग उतरले की बाल्कनीतली कुंडी आठवडा-आठवडा वाळत नाही. सांगलीचा पाऊस त्या मानानं कमी, पण मार्चपासून कोरडा वारा सुटतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे साताऱ्यात मुळं कुजायची भीती, सांगलीत करपायची.

मुळं का कुजतात, तेही समजून घेऊ. आपण घरात ठेवतो ती बहुतेक ऑर्किडं मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. (बांडगूळ नव्हेत. बांडगूळ झाडाचा रस ओढतं, आमरी, म्हणजे आपल्याकडचं ऑर्किड, फक्त बसायला जागा घेते. गावाकडे उगाच खरवडून काढतात बिचारीला.) त्यांच्या मुळांवर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. त्याला वेलामेन म्हणतात. पाणी मिळालं की ते शोषून घेतं आणि मूळ हिरवं दिसतं. सुकलं की रुपेरी, पांढरट होतं. फांदीवर पाऊस थांबला की वारा मुळांना लगेच सुकवतो. कुंडीत ओल अडकून राहिली की हवा मिळत नाही, आणि मग बुरशीचं फावतं. बोटानं दाबल्यावर मूळ टणक लागलं तर ठीक. साल निसटून आत नुसता दोरा उरला तर ते गेलेलं. म्हणूनच साधी माती किंवा बारीक कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) या स्पर्धेतून पहिल्या फेरीतच बाद.

उरले तिघे.

स्फॅग्नम मॉस सगळ्यात जास्त पाणी धरतं. सांगलीच्या उन्हाळ्यात, आणि रोज कुंडीकडे बघायला वेळ नसणाऱ्याला, ते सोयीचं वाटतं. पण वरचा थर कोरडा दिसतो आणि आतला गोळा चिंब असतो, तिथेच फसगत होते. बहुतेक विकत आणलेल्या रोपांच्या मुळांच्या मधोमध अशा मॉसचा घट्ट गोळा असतो. नर्सरीच्या शेडमध्ये तो चालतो, घरात तोच मुळांच्या मुळावर उठतो. फुलं गळली की आधी तो सोडवून काढा. साताऱ्यात मॉस मी तरी वापरणार नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. मुळं गमावलेल्या रोपाला सावरायला मात्र ते उत्तम, तेही सैलसर भरून.

नारळाच्या सोडणाचे तुकडे मधल्या वाटेचे. ओल धरतात, तुकड्यांच्या फटीतून हवाही खेळते, आणि देवळाबाहेर जवळजवळ फुकट मिळतात. फुकटचं असलं तरी तसंच भरू नका. सोडणात क्षार आणि टॅनिन असतं. दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करून दोन-तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, तपकिरी रंग उतरायचा थांबला की वापरा. शहाळ्याचं ओलं, हिरवं सोडण टाळा. वाळलेल्या नारळाचं घ्या. दोष एकच, ते कुजतं. साधारण दोन वर्षांत तुकडे मऊ पडतात, चुरा तळाशी बसतो आणि कुंडी पुन्हा मॉससारखीच वागायला लागते. साताऱ्याच्या ओलीत हे आणखी लवकर होतं.

लोणारी कोळसा आणि विटांचे किंवा कौलांचे तुकडे हा तिसरा पर्याय. कुजत नाहीत, हवा भरपूर, वर्षानुवर्षं चालतात. बार्बेक्यूसाठी मिळणारे दाबून केलेले कोळशाचे ठोकळे नकोत, साधा लाकडी कोळसाच घ्या आणि धुऊन काळी भुकटी काढून टाका. पाणी मात्र तो फारसं धरत नाही. साताऱ्यात पावसाळ्यात हे वरदान, सांगलीत मेमध्ये शिक्षा. तिथे नुसत्या कोळशातल्या रोपाला दिवसाआड नव्हे, रोज पाणी लागेल. चार दिवस लग्नाला गेलात तर परतल्यावर पानं सुरकुतलेली दिसतील. शिवाय खतातले क्षार कोळशात साचत जातात, त्यामुळे महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन काढावी लागते.

कुंडीचा निर्णय यामानानं सोपा आहे. मातीची, बाजूला भोकं असलेली कुंडी झपाट्यानं वाळते, म्हणून साताऱ्याला ती मानवते. सांगलीत फॅलेनॉप्सिसला पारदर्शक प्लास्टिकची बरी. ओल थोडी टिकते आणि मुळांचा रंग बाहेरून दिसतो, त्यामुळे पाणी कधी द्यायचं हा वाद मिटतो: रुपेरी दिसली की द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. मातीच्या कुंडीला मुळं आतून चिकटतात, बदलताना ती फोडावी लागते, हेही ध्यानात असू द्या. कुठलीही घ्या, पण मोठी घेऊ नका. मुळं जेमतेम मावतील एवढीच.

अजून रोप घेतलंच नसेल तर जातीपासून विचार करा. भरण्यापेक्षा मोठा फरक इथे पडतो. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या जाडसर कांड्यांत पाणी साठवलेलं असतं, फॅलेनॉप्सिसला तशी साठवण नाही, जाड पानं आणि मुळं एवढंच भांडवल. डेंड्रोबियमला सकाळचं कोवळं ऊन लागतं, उष्णता सोसते, एखादं पाणी चुकलं तरी रुसत नाही. सांगलीत पहिलंच ऑर्किड घेणाऱ्यानं डोळे झाकून डेंड्रोबियम घ्यावं. फॅलेनॉप्सिसला पडद्याआडचा उजेड पुरतो, म्हणून फ्लॅटमध्ये सोयीचं. रात्री काही आठवडे पारा विशीच्या खाली राहिला की त्याला फुलाचा दांडा फुटतो. साताऱ्याच्या हिवाळ्यात हे आपोआप होतं, फक्त रोप खिडकीजवळ हवं. एक जपायचं, पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. साचलं तर कापसानं टिपा, नाहीतर शेंडा कुजतो आणि या झाडाला दुसरा शेंडा नसतो.

पाण्याबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगायला हवं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर कुंडीवर पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं काळी पडतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम, नाहीतर नळाचं. आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी वाचवायचा मोह आवरा, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. खताला द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून मगच.

तर मी काय भरते? साताऱ्यात मातीच्या कुंडीत तीन भाग कोळसा-विटा, एक भाग सोडण. बहिणीकडे उलट: तीन भाग सोडण, एक भाग कोळसा, फॅलेनॉप्सिसला प्लास्टिकची कुंडी आणि डेंड्रोबियमला मातीची. ती कुंडीखाली खडे-पाण्याची थाळी ठेवते, तळ पाण्याला टेकू न देता. मला त्याची गरज पडत नाही. तुमचा हात पाण्याला सैल असेल, रोज झारी उचलल्याशिवाय चैन पडत नसेल, तर सांगलीतही कोळसा वाढवा.

कुंडी बदलायची ती फुलं गळल्यावर, नवीन हिरवी मूळटोकं दिसू लागली की, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. साताऱ्यात भर पावसात मुळं कापाल तर जखमा सुकणार नाहीत. कात्री आचेवर धरून घ्या, कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावा, धडधाकट मुळांवर ती सांडू देऊ नका आणि पुढचे तीन-चार दिवस पाणी बंद.

अंगणात आंबा असेल तर कुंडीचा हिशेबच नको. सीतेची वेणी ही आपल्याच सह्याद्रीतली आमरी, पावसाच्या तोंडावर गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी लवते. नर्सरीत वाढवलेलं रोप आणून काथ्यानं खोडाला बांधायचं, मुळं धरेपर्यंत पाणी शिंपडायचं. जंगलातून ओरबाडून आणलेलं मात्र कुणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नका. त्याची निम्मी मुळं आधीच तुटलेली असतात.