जोडीदार कॅथलिक श्रद्धेकडे परतल्यावर: धर्मग्रामाची (पॅरिशची) लग्न नियमित करून देणारी सेवा कितपत कामाची?

आधी सेवा कशाची ते. कॅथलिक मुलीने हिंदू घरात लग्न केलं, रजिस्टर पद्धतीने नाहीतर मंडपात. नंतर बरीच वर्षं चर्चची पायरी चढली नाही. आता तिला मिस्सा (चर्चमधली उपासना), प्रायश्चित्त संस्कार (पापकबुली), ख्रिस्तशरीर (कम्युनियन) पुन्हा हवं आहे. पण लग्न धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांपुढे झालेलं नाही, शिवाय नवऱ्याचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेला नाही, म्हणून चर्चच्या लेखी ते वैध नाही आणि ख्रिस्तशरीर घेता येत नाही. हे लग्न चर्चच्या बाजूने नीट करून देणं, म्हणजे ही सेवा. नवरा कॅथलिक आणि बायको हिंदू असली तरी नियम तेच. काम फादरांच्या ऑफिसात सुरू होतं. धुळे-नंदुरबारकडची फाइल नाशिकच्या धर्मप्रांत (डायोसीज) कार्यालयात, म्हणजे बिशपांकडे, जाते.

या सेवेला माझे गुण: पाचपैकी साडेतीन. कागदपत्रांचे साडेचार दिले असते, पण दुसऱ्या जोडीदाराशी बोलण्याची बाजू अडीचच्या वर जात नाही आणि संसारात ताण येतो तो तिथूनच.

कागद असे लागतात: कॅथलिक व्यक्तीचा स्नानसंस्काराचा नवा दाखला (सहसा सहा महिन्यांच्या आतला, पेटीतला जुना चालत नाही, कारण लग्नाचा शेरा नोंदवहीत आहे की नाही ते पाहायचं असतं), सरकारी विवाह प्रमाणपत्र, दोघांची ओळखपत्रं, आणि आधी लग्न झालेलं नव्हतं असं सांगणारे दोन साक्षीदार. वेळ खातो तो पहिलाच दाखला. रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळला आलेल्या घरांचे दाखले गोवा, वसई, मंगळूर असे कुठेकुठे असतात. तो आधी मागवा, मग ऑफिसची वेळ घ्या. जोडीदार हिंदू असेल तर धर्मभेदाच्या अडथळ्यातून ‘सूट’ लागते. नवापूर-नंदुरबारकडच्या प्रोटेस्टंट मंडळीतला, स्नानसंस्कार झालेला असेल तर नुसती ‘परवानगी’ पुरते. अर्ज लिहिताना या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की फाइल परत येते.

खरी गोम पुढे आहे. लग्न नीट करण्याचे दोन मार्ग आहेत आणि बहुतेक ठिकाणी एकच सांगितला जातो: दोघांनी फादरांपुढे उभं राहून नव्याने संमती द्यायची. नवरा म्हणतो, माझं लग्न झालेलंच आहे, मी पुन्हा कशाला उभा राहू? त्याचं काही चुकत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग आहे, सानातिओ इन रादीचे, म्हणजे लग्न मुळापासून शुद्ध करून घेणं. चर्च कायद्याच्या ११६१ ते ११६५ या कलमांत तो आहे आणि महागुरुस्वामी (बिशप) एकेका प्रकरणात तो देऊ शकतात. समारंभ नाही, नव्याने शपथ नाही, नवऱ्याने चर्चमध्ये यायची गरज नाही. अर्जात तीन गोष्टी ठळक हव्यात: लग्न कसं आणि केव्हा झालं, दोघांचीही एकत्र राहण्याची इच्छा आजही कायम आहे याचा पुरावा, आणि नवरा नव्याने संमती द्यायला का तयार नाही. मंजूर झालं की परिणाम लग्नाच्या मूळ दिवसापासून धरला जातो. घरात ताण असेल तर पहिल्याच भेटीत हा मार्ग नाव घेऊन विचारा. आपण विचारल्याशिवाय तो पुढे येईलच असं नाही, आणि हीच या सेवेची सर्वांत मोठी उणीव.

दुसरी उणीव सहीची. ११२५व्या कलमानुसार वचन द्यायचं ते फक्त कॅथलिक जोडीदाराने: मी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्या ताकदीप्रमाणे सगळं करीन. दुसऱ्याला या वचनाची माहिती द्यायची असते, त्याच्याकडून वचन घ्यायचं नसतं. दुसऱ्यानेही लिहून देण्याची जुनी पद्धत पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये बंद केली. तरी जुन्या धाटणीच्या फॉर्मवर नवऱ्याची सही ‘मान्य आहे’ या शब्दांखाली घेतली जाते. ‘मला माहिती दिली’ एवढंच लिहून सही करावी. ‘ताकदीप्रमाणे’ हा शब्दही नीट वाचावा; दहावीतल्या मुलाला नवऱ्याच्या मनाविरुद्ध ओढत नेणं त्यात बसत नाही.

घरात मात्र भांडण ११२५वर होत नाही, कानबाईवर, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणावर होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद जमतात, रोट (नैवेद्याच्या जाड पोळ्या) होतात, आणि नेमकी त्याच सकाळी सूनबाई मिस्साला निघते. सासू विचारते, “तू आते आमनी नही ऱ्हायनी का?” यावर समुपदेशनात प्रार्थनेचा सल्ला मिळतो, वेळापत्रकाचा मिळत नाही. चर्च कायद्याचं १२४८वं कलम सांगतं की आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारच्या बंधनाला पुरते. शनिवारी संध्याकाळी मिस्सा असेल तर जाऊन यावं आणि रविवारी रोट भाजायला घरी असावं. स्वयंपाक, पाहुण्यांची सरबराई, वाढणं यात अडचण नाही. पूजेला स्वतः बसायचं की नाही आणि प्रसादाचं काय, हे फादरांशी आधी ठरवून सासूबाईंना महिनाभर आधी सांगावं. सणाच्या दिवशी ओट्यापाशी सांगितलं की तो अपमान ठरतो. उपवासकाळाचं ओझं त्या मानाने हलकं: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच बंधनकारक उपास, शाकाहारी घरात तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पुरणपोळी बहुतेक वर्षी ईस्टरनंतरच येते, तिथे प्रश्नच नाही.

कायद्याची बाजू या सेवेत जवळजवळ नाही, म्हणून वकिलाकडे वेगळं जावं. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न नोंदलेलं असेल तर धर्म बदलला किंवा परतला म्हणून घटस्फोटाचं कारण तयार होत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर होतं: कलम १३ खाली, जोडीदाराने धर्मांतर करून हिंदू असणं सोडलं, म्हणून दुसरा अर्ज करू शकतो. लग्न आपोआप मोडत नाही, पण माहेरी-सासरी वाद पेटलेला असताना हे कुणी तरी काढतंच. त्याहून कच्ची बाजू अशी की बायको तेव्हाही ख्रिस्तीच होती आणि लग्न नुसतं मंडपात लागलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या निकालाप्रमाणे हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न रद्दबातल आहे. उपाय सोपा: त्याच १९५४च्या कायद्याच्या कलम १५ खाली दोघांनी मिळून नोंदणी करावी, ३० दिवसांची नोटीस लागते. हे चर्चच्या फाइलआधी उरकावं. पासपोर्ट आणि विम्यासाठी पुढेही हेच सरकारी प्रमाणपत्र वापरावं. चर्चच्या कागदावरची नवी तारीख दोन ठिकाणी दिली की खुलासे करत बसावं लागतं.

दोघांचंही पहिलंच लग्न असेल आणि नवरा निदान विरोधात नसेल, तर ही सेवा जरूर घ्यावी. पहिलं लग्न मोडून हे दुसरं केलेलं असेल, मग ते हिंदू जोडीदाराचं का असेना, तर चर्च ते पहिलं लग्न वैध धरून चालतं आणि वरचे दोन्ही मार्ग बंद होतात. त्या जोडप्याने दाखले गोळा करत बसू नये. फादरांकडून थेट धर्मप्रांताच्या विवाह न्यायपीठाची वेळ मागावी.