लेह की इटेन? घाटात पळणाऱ्या सातारकरासाठी

सातारा हिल मॅरेथॉन झाली की यवतेश्वरच्या घाटात सरावाला येणाऱ्यांत हा विषय निघतोच. एकदा खरोखरच्या उंचीवर, तिथल्या पळणाऱ्यांत राहून यायचं, तर लेह की केनियातलं पळणाऱ्यांचं गाव इटेन? मी दोन्हीकडे राहून आलोय.

खर्चात लेह सरळ जिंकतं. पासपोर्ट नको, हिंदी चालते, जेवायला वरण-भात मिळतो. सप्टेंबरात लडाख मॅरेथॉनच्या सुमारास गेलात तर सोबतही भरपूर. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर लेहच बघा.

मला नडली ती एकच गोष्ट. लेहला दिल्लीचं विमान तुम्हाला थेट सव्वातीन हजार मीटरवर उतरवतं. मग सुरुवातीचे दिवस पडून काढायचे. डोकं जड, रात्री श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येते, बूट पिशवीतच. नोकरदाराची रजा मोजकी, आणि तिचा मोठा तुकडा खोलीत पाणी पीत संपतो. पुढे पळायला लागलं तरी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. दम आधी संपतो, पायांना काम मिळतच नाही. पोटऱ्या भरून येईपर्यंत घाट चढणाऱ्याला हे फार टोचतं. अर्थात प्रत्येकाचं शरीर निराळं, तुम्हाला इतका त्रास होणारही नाही.

इटेनची वाट पायरीपायरीनं चढते: नैरोबी सुमारे १,८०० मीटर, एल्डोरेट २,१००, इटेन २,४००. पोचल्यावर एखादा दिवस चालून काढला की मला हळूहळू पळता आलं. पहाटे सहाच्या सुमारास रस्त्याच्या कडेला जथे जमतात. त्यांचा इझी रन सुरुवातीला इतका संथ असतो की आपणही त्यांच्यात खपून जातो. मग पेस चढतो आणि ते दिसेनासे होतात. गुरुवारच्या फार्टलेकला, म्हणजे आलटून-पालटून जोरात आणि हळू पळण्याच्या सरावाला, तर शेकडो जण येतात. मागच्या रांगेत उभं राहा, कुणी हटकत नाही. ८०० मीटरचा विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशा ज्यांच्या हाताखाली घडला, ते आयरिश ब्रदर कोल्म ओ'कॉनेल १९७६ साली याच गावातल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत शिकवायला आले. त्या शाळेवरून रोज पळत जाताना अंगात वेगळंच बळ येतं. आपल्या माणची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, हे तिथं सांगितलं की लोक आपुलकीनं बोलायला लागतात.

जेवणात उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा ही पालेभाजी, राजमा. चहा मात्र अगदी आपल्यासारखा, दुधात उकळलेला आणि गोड. रस्ते लाल मातीचे. पावसात चिखल बुटांना धरून बसतो, म्हणून एप्रिल-मे टाळलेलं बरं.

रजा मोजकी असेल आणि विमानाचे पैसे जमत असतील, तर मी इटेन म्हणेन. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि प्रमाणपत्र पासपोर्टजवळच ठेवा. परतताना मुंबईला ते मागतात.