जुना बेस घेताना नागपुरात झालेली फसवणूक: उतरवलेल्या तारा आणि उसनं नाव

नागपुरातल्या कॉलेजच्या एका मुलाने 34,000 रुपये मोजून ‘मेक्सिकन फेंडर प्रिसिजन, प्लेयर सिरीज’ म्हणून जुना बेस, म्हणजे खालच्या स्वरांची इलेक्ट्रिक गिटार, घेतला. फेंडर ही नावाजलेली अमेरिकन गिटार कंपनी, प्रिसिजन हे तिचं बेसचं मॉडेल. व्यवहार सीताबर्डीत, संध्याकाळी, एका दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये झाला. विकणाऱ्याने सोबत बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प आणला होता, वाजवूनही दाखवला. आठवडाभरात कळलं की बेस फेंडरचा नाही, नेक (तारांखालची लांब दांडी) कामातून गेलेला आहे आणि ‘नव्या कोऱ्या’ तारा सांगितलेल्या मापाच्या नाहीत. यातली एकही लबाडी अशी नव्हती जी जागेवर पकडता आली नसती. ट्यूनरचं मोफत अ‍ॅप, एक व्हिजिटिंग कार्ड, अ‍ॅलन कीचा संच आणि पंधरा मिनिटं पुरली असती. नागपुरात दर गणपतीआधी आणि कॉलेजच्या गॅदरिंगच्या सुमारास अशा जाहिराती वाढतात, म्हणून सगळं उलगडून लिहितो आहोत.

सगळ्यात मोठी चलाखी ट्यूनिंगमध्ये होती. चार तारांचा बेस जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी असा लावतात. खालचा ई म्हणजे 41.2 हर्ट्‌झ. हा बेस एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे डी, जी, सी, एफ असा लावून आणला होता. विचारल्यावर उत्तर आलं, ‘‘भाऊ, मेटलवाले असंच लावतात.’’ ते खरंही आहे, म्हणूनच मुलाला पटलं. पण तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 41.2 वरून 36.7 वर आलं की ताण एका फटक्यात वीसेक टक्क्यांनी उतरतो. त्यात तारा बारीक टाकलेल्या, 105 ऐवजी 95 ची ई (जाडी इंचाच्या हजारांशात). दोन्ही मिळून ताण तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला. 45 ते 105 चा नेहमीचा संच 34 इंची (तारेची वाजणारी लांबी) बेसवर सरळ ट्यूनिंगला लावला की नेकवर 75 ते 80 किलोच्या आसपास ओढ येते. इथे ती पन्नासच्या घरात होती. एवढ्याशा ओढीत खराब नेकही सरळ दिसतो, तारा फ्रेटबोर्डाला (नेकवरची फळी, जिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात) चिकटून बसतात आणि बोटाखाली बेस लोण्यासारखा वाटतो.

घरी आणून ई-ए-डी-जी लावल्यावर नेक पुढे वाकला. बाराव्या फ्रेटवर ई तार पाच मिलिमीटर वर आली. हा वाक काढण्यासाठीच नेकच्या आत ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, असतो. त्याचा नट घट्ट केला की नेक मागे येतो. या बेसचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता आणि षटकोनी खाचेच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. कोणीतरी चुकीच्या मापाची अ‍ॅलन की घालून जोर केला होता. रॉड बदलायचा तर फ्रेटबोर्ड सोडवावा लागतो, आणि साध्या बेसच्या किमतीपेक्षा ते काम महाग पडतं.

म्हणून पहिली गोष्ट: ट्यूनर तुमचा हवा. अ‍ॅपवर चारही तारा ई-ए-डी-जी लावा आणि बेस दहा मिनिटं तसाच ठेवा. नेकला नव्या ताणावर बसायला वेळ लागतो, लगेच मोजलं तर फसाल. विकणारा म्हणेल, ‘‘तार तुटंल ना भाऊ.’’ बेसची धड तार तिच्या नेमलेल्या स्वरावर तुटत नाही. जो वर ट्यून करू देत नाही त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवा. दहा मिनिटांनंतर ई तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने दाबा आणि नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर उजव्या हाताच्या करंगळीने दाबा. ताणलेली तार हीच आता तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात साधारण 0.3 ते 0.35 मिलिमीटर फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल एवढी. फटच नसेल तर नेक मागे वाकलेला आहे. तीन-चार कार्डं मावत असतील तर पुढे.

वाक आहे म्हणून लगेच सोडून देऊ नका, नेक हलतोच. नागपूरची हवा तर लाकडाची परीक्षाच घेते. मे महिन्यात 45 अंशांची कोरडी होरपळ, त्याच खोलीत रात्रभर कूलरची ओली हवा, मग जूनपासून पावसाची ओल. कोरड्या दिवसांत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचू लागतात. ओल धरली की बहुधा नेक पुढे येतो. नेकचा हा वाक रॉडला पाव फेरा दिला की जागेवर येतो. विकणारा ‘उन्हाळ्यामुळे वाकलाय, पावसाळ्यात बसेल’ असं सांगत असेल, तर त्याच्याच हाताने रॉड पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. तारा थोड्या सैल करून, योग्य मापाच्या कीने. नट फिरताना हलका विरोध जाणवला आणि पुन्हा ट्यून केल्यावर फट बदलली, तर रॉड जिवंत आहे. कसलाच विरोध नसेल तर रॉड तुटलेला किंवा सुटलेला असू शकतो. जागचा हलतच नसेल तर संपलेला. आणि नेकला पीळ आहे का ते ब्रिजकडून (बॉडीवर तारा अडकवतात तिथून) हेडस्टॉककडे (नेकच्या टोकाकडे) एक डोळा मिटून पाहा. पीळ ट्रस रॉडने निघत नाही.

आता नाव. जाहिरातीत ‘प्लेयर सिरीज’ लिहिलं होतं आणि हेडस्टॉकच्या मागे एमएक्स12 ने सुरू होणारा क्रमांक होता. मेक्सिकोत बनलेल्या अलीकडच्या फेंडरवर एमएक्सनंतरचे दोन अंक वर्ष सांगतात, म्हणजे हा 2012 चा. प्लेयर सिरीज बाजारात आली 2018 मध्ये. वाद तिथेच मिटायला हवा होता. क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. इंटरनेटवरच्या कुठल्याही खऱ्या गिटारीच्या फोटोवरून क्रमांक उचलता येतो. तो मॉडेलशी, वर्षाशी आणि लाकूडकामाशी जुळतो का, हे पाहायचं असतं.

स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. त्याचा हेडस्टॉक त्याच घाटाचा असल्याने स्क्वायरचं नाव घासून फेंडरचं स्टिकर चिकटवणं सोपं जातं. स्क्वायरमध्ये वाईट काही नाही, शिकायला तो उत्तमच. पण इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरवर आयसीएससारखी अक्षरं मागे असतात, आणि ती नेमकी घासलेली सापडतात. मोबाइलचा टॉर्च हेडस्टॉकला आडवा धरा. स्टिकरची कड लाखेच्या वर उठून दिसते का, मागच्या बाजूला एखादा चौकोन बाकी लाकडापेक्षा फिका किंवा जास्त चकचकीत आहे का, ते बघा. मोठी रक्कम असेल तर नेक काढून दाखवायला सांगा. चार स्क्रू असतात, तारा सैल केल्या की पाच मिनिटांचं काम आहे. फेंडरच्या मापाच्या बेसला नेक बसायची खाच सुमारे 63 मिलिमीटर रुंद असते. या बेसची त्याहून अरुंद निघाली, त्यामुळे बाजारात मिळणारा बदली नेकही त्यात बसेना. खाली बसवलेला कार्डाचा किंवा पॉलिश पेपरचा तुकडा मात्र दोष समजू नका. नेकचा कोन साधायला चांगले कारागीरही तो घालतात.

तारांची फसवणूक नव्या खरेदीतही होते आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. नामांकित कंपनीचा बेसचा संच अडीच-तीन हजारांच्या आसपास जातो. तेच पॅकेट कोणी सहाशेला देत असेल तर ते बनावट समजा. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल व्हर्नियर घ्या. मापं इंचाच्या हजारांशात असतात. 45 म्हणजे 1.14 मिलिमीटर, 65 म्हणजे 1.65, 85 म्हणजे 2.16 आणि 105 म्हणजे 2.67. एकाच तारेवर चार ठिकाणी मोजा. बनावट तारेत गुंडाळी एकसारखी नसते, आकडा जागोजागी बदलतो. अशा तारेचं इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर नेमका येणं, कधीच जुळत नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर एक यायला हवेत. दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता भाग) मागे न्यायचं, उतरला तर पुढे. सॅडल टोकाला पोचलं तरी जुळेना, तर आधी तारेवर संशय घ्या.

इलेक्ट्रिक बेसला अ‍ॅकूस्टिक बेसच्या ब्राँझ तारा देणारे दुकानदारही आहेत. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग, चुंबकावर चालतो. ब्राँझची गुंडाळी चुंबकाला दाद देत नाही, आतली पोलादी तारच काय ती पकडली जाते, म्हणून आवाज पडेल येतो. पॅकेटवर निकेल प्लेटेड स्टील, निकेल किंवा स्टेनलेस स्टील लिहिलेलं बघून घ्या. 34 इंची बेसला लाँग स्केल संच लागतो. जुन्या तारा उकळून ‘नव्या’ म्हणून चढवलेल्याही मिळतात. उकळल्याने मळ निघतो, चार-सहा दिवस झणझणीत वाजतात, मग पुन्हा मरतात. तारेची खालची बाजू बघा. फ्रेटवर घासून पडलेल्या खुणा उकळून जात नाहीत. पेगजवळही, म्हणजे तार गुंडाळतात त्या खुंटीजवळ, बघा. एकदा वळलेली तार सरळ करून पुन्हा गुंडाळली की तिथे नागमोड राहते.

इलेक्ट्रॉनिक्स पटकन होतं. सगळे नॉब फिरवून खरखर ऐका, जॅक हलवून बघा, अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरी लागणारा) असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी नवी घालून बघा. एकत्र विक्रीच्या कॉम्बोमध्ये गिटारचा अ‍ॅम्प ‘बेसलाही चालतो’ म्हणून गळ्यात मारतात. मोठ्या आवाजात खालचा ई त्याचा स्पीकर फाडू शकतो.

या मुलाचं नुकसान पैशावर थांबलं नाही. तो त्याच बेसवर क्लासला जात होता. पाच मिलिमीटरवरची तार दाबताना ती ताणली जाते, स्वर चढतो आणि मनगट भरून येतं. क्लासमध्ये त्याला ‘हात बसेल हळूहळू’ एवढंच सांगितलं गेलं. बेस शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी विद्यार्थ्याचं वाद्य हातात घेऊन तपासलं नाही, तर त्याला एक तर बेस येत नाही किंवा पर्वा नाही. सहा तारांच्या गिटारीचे शिक्षक बेसची वर्षभराची फी आगाऊ घेऊन टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांत दाखवणारं लेखन) वाचायला लावतात, असं सर्रास चालतं. पहिल्या महिन्यात काय शिकवणार ते विचारा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, न वाजणाऱ्या तारा अंगठ्याने बंद ठेवणं, मेट्रोनोमवर 60 च्या लयीत सलग वाजवणं, मूळ स्वर-पंचम-अष्टक, आणि ड्रमच्या किकबरोबर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर) पडणं हे उत्तरात यायला हवं. खालच्या फ्रेटवर अंतर मोठं असतं, तिथे लहान हाताला पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढ्यावरच खेळवतात. ‘प्रत्येक फ्रेटला एक बोट’ असा हट्ट तिथे धरला की दुखणं ठरलेलं. ग्रेडची ‘गॅरंटी’ देणाऱ्याला ट्रिनिटी किंवा आरएसएल या संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांचं बेसचं वेगळं पुस्तक दाखवायला सांगा. फी महिन्याची द्या.

‘कामठीला पोस्टिंग आहे, बदली झाली, आधी टोकन पाठवा’ असं फोनवर सांगून लष्करी ओळखपत्राचा फोटो पाठवणारे भामटे असतात. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

दुकानाने फसवलं असेल तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. दोन वर्षांच्या आत नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, माल बाहेरगावच्या दुकानातून मागवलेला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. खाजगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या वाद्याला मात्र हा रस्ता बंद असतो. तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत जावं लागतं आणि हाताशी कागद लागतो. म्हणून पैसे देण्याआधी साध्या कागदावर पावती घ्या: मेक, मॉडेल, क्रमांक, बनल्याचा देश, ‘ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो, ई-ए-डी-जीला तपासला’, रक्कम, तारीख, सही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, व्यवहार झाला की ती काढून टाकतात. या मुलाकडे ना पावती होती ना स्क्रीनशॉट, फक्त यूपीआयचा संदर्भ क्रमांक. त्यावर विकणाऱ्याचं म्हणणं असं, की मी ‘फेंडरसारखा’ म्हणालो होतो.