मोर्स रनर: खोट्या पाइलअपमध्ये वर्षभर बसल्यावर

सीडब्ल्यू कॉन्टेस्टची, म्हणजे हॅम लोकांच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) मोर्स कोडमधल्या स्पर्धांची, पहिली दोन वर्षं मी नुसतं बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) फिरण्यात घालवली. म्हणजे कोणी सीक्यू ("कोणीही बोला" अशी हाक) देताना सापडला की त्याचं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) चार वेळा ऐकायचं, पाचव्यांदा खात्री करायची, मग घाबरत घाबरत आपलं कॉलसाइन टाकायचं आणि त्याने ५एनएन (म्हणजे ५९९, सिग्नलचा शेरा) पाठवला की हुश्श करत पुढे सरकायचं. यातही मजा आहे, नाही असं नाही. पण एकदा धीर करून रिकामी फ्रिक्वेन्सी शोधली, "क्यूआरएल?" (फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?) विचारलं, कोणी काही बोललं नाही म्हणून सीक्यू दिला, तर दोन मिनिटांत पाच-सहा जण एकदम अंगावर आले आणि मी काय केलं, तर चक्क डायल फिरवून पळ काढला. खरंच. ते बिचारे अजून बोलावत असतील मला तिथे.

तेव्हा एका जुन्या हॅमने सांगितलं, मोर्स रनर टाक कॉम्प्युटरवर आणि रोज वीस मिनिटं मार खा. कॉन्टेस्टमधली अशी गर्दी, म्हणजे पाइलअप, खोटी खोटी ऐकवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅनडातल्या एका हॅमने लिहिलंय, चालतं विंडोजवर, लिनक्सवाले वाइनमधून चालवतात. दिसायला अगदी जुनाट, करड्या चौकोनात मोजके रकाने आणि खाली फंक्शन कीची बटणं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटलं हे काय शिकवणार मला. एफ वन दाबलं, सीक्यू गेला आणि पुढच्या सेकंदाला हेडफोनमध्ये तोच गलका! कोण जाड आवाजाचा, कोण बारीक, एक सुसाट, एक रेंगाळत, एकाचा सिग्नल मध्येच बुडतोय. घाम फुटला राव, समोर माणूस नाही हे माहीत असून.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण बाकी सगळं हेल्प फाइलमध्ये सापडेल. या सॉफ्टवेअरने मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे अख्खं कॉलसाइन ऐकायचा हट्ट सोडायचा. मी काय करायचो, पाच जण बोलावतायत, त्यातलं कोणाचंच पूर्ण कळत नाही, मग "पुन्हा पाठवा" म्हणून प्रश्नचिन्ह टाकायचो, की परत पाचही जण एकदम. परत गोंधळ, परत प्रश्नचिन्ह. इथे कळलं की शेवटची दोन अक्षरं जरी कानात राहिली तरी तीच टाइप करायची आणि पाठवायची. ती ज्याची असतील तो परत येतो, बाकीचे बहुतेक गप्प बसतात, आणि मोकळ्या जागेत त्याचं पूर्ण कॉलसाइन आरामात मिळतं. मोर्स रनरमधले खोटे ऑपरेटर हे बरोबर ओळखतात, तुम्ही कॉलसाइन जवळपास बरोबर पाठवलंत पण एक अक्षर चुकलं तर समोरचा आपलं कॉलसाइन परत देऊन तुम्हाला सुधारतो, आणि तुम्ही घाईघाईत ते न ऐकता एंटर मारलात तर लॉगमध्ये चूक बसलीच. आणि फार वेळ घुटमळलात तर कंटाळून निघूनही जातात. हे ज्याने लिहिलं त्याला कॉन्टेस्टमधल्या माणसाचा स्वभाव माहिती होता, एवढं नक्की.

सेटिंग भरपूर आहेत. क्यूआरएन म्हणजे कडकडाट, क्यूएसबी म्हणजे सिग्नल वरखाली, फ्लटर म्हणजे ध्रुवाकडून आल्यासारखा घोगरा थरथरता आवाज, क्यूआरएम लावलं की कोणीतरी तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन "क्यूआरएल?" विचारतो किंवा सरळ सीक्यू सुरू करतो. आणि एक खूण आहे लिड्स नावाची. लिड म्हणजे आपल्या भाषेत अडाणी ऑपरेटर, तुम्ही दुसऱ्याला बोलावलंत तरी मध्येच ओरडणारा. ही खूण लावली की घरचे विचारतात, कोणावर चिडलास?

वेगाचं थोडं. मी मिनिटाला २० शब्दांवर सुरुवात केली, म्हणजे एक डिट (मोर्समधलं टिंब) ६० मिलिसेकंदांचा. आता ३० वर बसतो, तिथे डिट ४० चा होतो. कागदावर हा फरक काही वाटत नाही, पण एच म्हणजे चार डिट आणि ५ म्हणजे पाच, बी आणि ६ मध्येही एका डिटचाच फरक, व्ही आणि ४ तसंच, त्यामुळे ३० वर हे सगळे जुळे भाऊ वाटायला लागतात. मोजायला गेलात की संपलात, चाल ओळखावी लागते, दारावरची थाप ऐकून कोण आलंय ते कळतं तशी. ते कान तयार व्हायला मला तीन-चार महिने लागले, त्यात सॉफ्टवेअरपेक्षा रोज बसण्याचा वाटा जास्त.

कमी काय आहे तेही सांगतो. एक तर यात तुम्ही कीबोर्डवर टाइप करता, पॅडलला (हाताने मोर्स पाठवायच्या चावीला) हात लागत नाही, त्यामुळे हाताचा सराव शून्य. खऱ्या कॉन्टेस्टमध्ये एखादा नाव विचारतो, एखादा "आधीच भेटलोय" म्हणतो, तेव्हा हाताने पाठवावं लागतं आणि माझा हात दगडासारखा झाला होता. (त्यात माझं पॅडल इतकं हलकं की डा (मोर्समधली रेघ) दाबला की टेबलावरून सरकतं, शेवटी खाली लोखंडी पट्टी चिकटवली.) दुसरं म्हणजे इथले ऑपरेटर साधारण तुमच्याच वेगाच्या आसपास पाठवतात. बाहेर तसं नसतं, तुम्ही २२ वर सीक्यू द्या, ३६ वर बोलावणारा महाभाग हमखास येतो, आणि त्याच्यामागे १४ वर येणारा आजोबा. तिसरं, फक्त सीक्यू देऊन बसण्याचा सराव होतो, बँडवर फिरून शोधण्याचा नाही. आणि चौथं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, ते म्हणजे कंटाळा. मोर्स रनरमध्ये सतत गर्दी, पण खऱ्या कॉन्टेस्टमध्ये पहाटे बँड मेला की दहा-दहा मिनिटं सीक्यू देत बसायचं आणि एकही येत नाही. ती सवय कुठलंच सॉफ्टवेअर लावत नाही.

मूळ आवृत्तीत देवाणघेवाण डब्ल्यूपीएक्स कॉन्टेस्टसारखी, म्हणजे ५एनएन आणि अनुक्रमांक. हे उत्तम, कारण दर वेळी आकडा वेगळा असल्याने तो ऐकावाच लागतो, अंदाजाने भरता येत नाही. सीक्यू वर्ल्ड वाइड कॉन्टेस्टमध्ये झोन (जगाच्या विभागाचा क्रमांक) असतो आणि कॉलसाइनवरून बहुतेक वेळा तो आधीच माहीत असतो, कान आळशी होतात. शिवाय एन म्हणजे ९, टी म्हणजे शून्य, असे कापलेले आकडे इथेच अंगवळणी पडले. लोकांनी पुढे वाढवलेली कम्युनिटी एडिशन आहे, तिच्यात सीडब्ल्यूटी, फील्ड डे वगैरे प्रकारही आहेत. सीडब्ल्यूटी म्हणजे बुधवार-गुरुवारी होणारी तासाभराची छोटी कॉन्टेस्ट, नाव आणि क्लबचा मेंबर नंबर द्यायचा, नवीन माणसाने खरी सुरुवात तिथे करावी असं माझं स्पष्ट मत.

फळ काय मिळालं? मे महिन्याच्या शेवटच्या वीकेंडच्या डब्ल्यूपीएक्समध्ये ४८ तासांपैकी एकट्या माणसाला ३६ तास चालवायची मुभा असते, मी जेमतेम ११ बसलो, पण त्यातले सहा तास सीक्यू देऊन! १०० वॉट आणि छतावरची साधी तार. एका क्षणी एकदम सात-आठ जण आले, पोटात तोच जुना गोळा, पण बोटांनी आपणहून ऐकलेली दोन अक्षरं टाइप केली आणि एंटर मारला. एकच स्टेशन परत आलं. डायलला हात लावला नाही.

नंतर लॉग तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात नऊ कॉलसाइन चुकलेली, आणि नऊपैकी पाच ठिकाणी एच आणि ५ ची अदलाबदल. मोर्स रनरचा लॉग उघडून पाहिला तर तिथेही महिनाभर हेच रडगाणं, मीच लक्ष दिलं नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर ते कच्चा आणि तपासलेला स्कोअर शेजारी शेजारी दाखवतं, मी फक्त कच्चा बघून खूश व्हायचो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे, अर्धा पॅडलसाठी कापला. डाउनलोड केलंत तर आधी मास्टर नावाची कॉलसाइनची फाइल नवी टाका, सोबत येते ती जुनी असते. आणि पहिला आठवडा लिड्सची खूण काढूनच ठेवा.