दिवे आणि कॅमेरा एकाच टॅबलेटवर: खान्देशातल्या छोट्या युनिटचा वापरानंतरचा अनुभव

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अहिराणी गाणी आणि लघुपट चित्रित करणाऱ्या आमच्या युनिटमध्ये माणसे मोजकी असतात आणि दिवे निरनिराळ्या कंपन्यांचे, बहुतेक भाड्याचे. दर कंपनीचे ॲप वेगळे, कॅमेऱ्याचे वेगळे आणि धुराच्या मशीनचा रिमोट तिसराच, त्यामुळे एका शॉटची तयारी बदलायची म्हटली तरी सगळ्यांची धावपळ होत असे. म्हणून गेल्या हिवाळ्यापासून आम्ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर क्यूएलसी प्लस आणि बिटफोकस कम्पॅनियन ही दोन मुक्त सॉफ्टवेअर बसवली, त्यांच्यामधला दुवा म्हणून थोडा कोड स्वतः लिहिला आणि सगळ्याचे नियंत्रण एका टॅबलेटवर आणले. दिव्यांचे काम क्यूएलसी प्लस पाहते. नेटवर्कवरून आज्ञा घेणाऱ्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग कम्पॅनियनच्या बटणाने सुरू होते आणि तेच बटण ओएससी (नेटवर्कवरून उपकरणांना आज्ञा देण्याची एक पद्धत) संदेशाने दिव्यांची ठरलेली स्थितीही लावते.

या व्यवस्थेचा पाया १९८६ साली ठरलेले डीएमएक्स ५१२ हे दिव्यांना आज्ञा पाठवण्याचे मानक आहे. एका लाइनवर ५१२ चॅनेल आणि प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ यांमधला एक आकडा, इतकी ती साधी गोष्ट आहे. म्हणूनच कंपनी कोणतीही असली तरी डीएमएक्स सॉकेट असलेला दिवा या व्यवस्थेत सामील होतो. अट एवढीच की दिव्यावर निवडलेला मोड (म्हणजे तो किती चॅनेल वापरतो) आणि सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेला मोड एकच हवा. चार चॅनेलचा दिवा आठ चॅनेलच्या मोडवर राहिला, तर तो पुढच्या दिव्याचे आकडेही आपलेच समजतो आणि पांढऱ्या उजेडाऐवजी भिंतीवर जांभळा रंग पडतो. सेटवरचा बराच वेळ खरे तर याच शोधात जातो, म्हणून आम्ही प्रत्येक दिव्याच्या मागे पत्ता (त्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक) आणि मोड लिहिलेली चिकटपट्टी लावतो.

सर्वांत मोठा लाभ दिव्यांच्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदींचा, म्हणजे 'सीन'चा, झाला. पारोळ्याच्या एका जुन्या वाड्यात रात्रीचा प्रसंग अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचा होता. पूर्वी मोबाइलवरच्या फोटोशी ताडून अंदाजाने उजेड जुळवावा लागे. या वेळी दिवे त्याच जागी लावून जतन केलेला सीन उघडला आणि रंग व तीव्रता जशीच्या तशी मिळाली. त्याच प्रसंगात कंदील हळूहळू विझतो असे दाखवायचे होते. आठ बिटच्या मोडमध्ये तीव्रतेच्या २५६ पायऱ्या असतात आणि अगदी मंद उजेडात शेवटच्या चार-पाच पायऱ्या कॅमेऱ्यात ठळक दिसतात, उजेड सरकण्याऐवजी पायरी पायरीने उतरतो. दिव्याला सोळा बिटचा मोड होता. त्यात तीव्रतेसाठी दोन चॅनेल खर्ची पडतात, पण पायऱ्या ६५,५३६ होतात. तो बदल केल्यावर भिंतीवरची सावली इतकी सलग मिटत गेली की दिग्दर्शकांनी तोच टेक कायम ठेवला.

नेटवर्कबाबत माझे मत ठाम आहे: दिव्यांच्या नोडपर्यंत (नेटवर्कचा संदेश डीएमएक्समध्ये बदलणाऱ्या डब्यापर्यंत) केबलच न्यावी. मल्टिकास्ट पद्धतीने (एकाच वेळी अनेक उपकरणांना) पाठवलेला एसएसीएन, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डीएमएक्स, वाय-फायवर हमखास अडखळतो, कारण वाय-फायमध्ये मल्टिकास्ट संदेश पोहोचल्याची पावती मिळत नाही आणि हरवलेला संदेश पुन्हा पाठवला जात नाही. केबल शक्यच नसेल तेथे आम्ही युनिकास्ट, म्हणजे एकाच उपकरणाला थेट पाठवणे, वापरतो. टॅबलेट मात्र वाय-फायवर चालतो, कारण त्याचे बटण क्षणभर उशिरा लागले तरी चालू असलेला उजेड ढळत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचा विचार वेगळा करावाच लागतो. रास्पबेरी पाय ४ चे तापमान ८० अंशांपर्यंत गेले की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि भुसावळच्या मे महिन्यात बंद डब्यात तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. डबा सावलीत, जाळीचा आणि पंखा असलेलाच हवा. जनरेटर बदलताना वीज गेली तर मेमरी कार्डवरची माहिती बिघडू शकते, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडलेला असतो आणि सीनची प्रत रोज पेन ड्राइव्हवर घेतली जाते.

सॉफ्टवेअरने न सुटणारे प्रश्नही आहेत. केवळ ब्लूटूथवर, स्वतःच्या ॲपनेच चालणारे दिवे या व्यवस्थेत आणता आले नाहीत. एका कंपनीकडे आज्ञांची माहिती वारंवार मागूनही उत्तर मिळाले नाही, आणि विकत घेतलेल्या दिव्याबाबत हे होऊ नये असे मला मनापासून वाटते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर घरातले साधे दिवे फ्रेममध्ये असतील, तर सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रणात शटर १७२.८ अंशांवर (सुमारे १/५० सेकंद) ठेवून लुकलुक टळते. ते काम कॅमेरामनचेच आहे. क्रेन, दारूकाम किंवा माणसाला उचलणारी कोणतीही यंत्रणा आम्ही या टॅबलेटवर आणलेली नाही आणि कोणी आणूही नये. डीएमएक्समध्ये संदेश बरोबर पोहोचला की नाही हे तपासण्याची सोयच नसते. दिव्याच्या बाबतीत चुकलेला आकडा पुढच्याच क्षणी सुधारतो, पण क्रेनवर माणूस बसलेला असतो.

दोन्ही सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो नोड, राउटर आणि चांगल्या केबलवर. लाइनच्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (संदेश केबलच्या टोकावरून परत फिरू न देणारा छोटा रोधक) लावण्यात कंजुषी करू नये. जळगाव-धुळ्यात दिवे भाड्याने घेताना डीएमएक्स सॉकेट आहे का, सोळा बिटचा मोड आहे का आणि चॅनेलचा तक्ता मिळेल का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.