शंभर डॉलरमध्ये बास मासा पकडायचं सामान: पैसा रॉडवर, रीळवर की लाइनवर?

माझा भाचा गेल्या ऑक्टोबरात नोकरीसाठी न्यू जर्सीत आला. मार्च उजाडला तसा त्याचा फोन आला, "मामा, शंभर डॉलर बाजूला काढलेत. बास पकडायला काय घेऊ?" दुकानात गेलो तर भिंतभर रॉड उभे, आणि त्याचा हात सगळ्यात चकचकीत बेटकास्टरवर. त्या दुपारी आम्ही दोघांनी जे तोलून पाहिलं ते इथे मांडतो. परवान्याचे पैसे यात धरलेले नाहीत. इथे गोड्या पाण्यात गळ टाकायला १६ ते ६९ वर्षांच्या प्रत्येकाला परवाना लागतो, तो आधी काढा.

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे याला गरवणं म्हणतात. लहानपणी खाडीवर ना रॉड होता ना रीळ. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची लाइन, टोकाला शिसं आणि गरीला कोळंबी. शेंगाळा ओढतोय की तांबोशी, हे बोटावरून जाणाऱ्या तंगूसावरून कळायचं. इथे येऊन वीस वर्षं झाली, पण माझं मत तिथेच ठरलेलं आहे: माशापर्यंत पोचते ती लाइन, बाकी सगळं तिला धरून ठेवायला.

आधी मासा समजून घेऊ, म्हणजे सामान उगाच जड घेतलं जाणार नाही. जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात म्हणून लार्जमाउथ बास त्याचा भाऊबंद वाटतो, पण तो सनफिशच्या कुळातला. तो लांब पळत नाही. पाणवनस्पतींच्या कडेला किंवा बुडालेल्या ओंडक्याखाली दबा धरतो आणि एका झेपेत आमिष आत ओढतो. न्यू जर्सीतला विक्रमी मासा १० पौंड १४ औंसांचा होता, १९८० सालचा. तुमच्या गरीला बहुतेक वेळा एक ते तीन पौंडांचा लागेल. त्यासाठी शंभर यार्ड लाइन ओढून नेणाऱ्या माशाचं रीळ नको. जगातला विक्रम जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने १९३२ साली, ऐन महामंदीत केला: २२ पौंड ४ औंस. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात.

रीळ तीन प्रकारची मिळतात. बंद तोंडाचं, बटण दाबून टाकायचं स्पिनकास्ट हे सगळ्यात सोपं आणि स्वस्त. झेबको ३३ हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं रीळ, १९५४ पासूनचं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात तेच द्या. मोठ्या माणसाला मात्र ते वर्षभरात अपुरं पडतं, कारण लाइन कमी मावते आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा लाइन किती जोराला सुटेल ते ठरवणारा ब्रेक, ढोबळ असतो.

खरी निवड स्पिनिंग आणि बेटकास्टरमध्ये. बेटकास्टरची लाइन गुंडाळलेली चाकी फेकताना स्वतः फिरते आणि तिचा वेग अंगठ्याने आवरायचा असतो. अंगठा क्षणभर चुकला की चाकी लाइनच्या पुढे धावते आणि आत लाइनच्या गुंत्याचं घरटं तयार होतं. चांगल्या बेटकास्टरचे ब्रेक हे बऱ्यापैकी सांभाळतात, पण साठ-सत्तर डॉलरमध्ये रॉडसकट मिळणाऱ्याकडून ती अपेक्षा धरता येत नाही. त्यातून पाव औंसाहून, म्हणजे सुमारे सात ग्रॅमहून हलकं आमिष नीट जातच नाही. आणि नवशिक्याला मासे मिळवून देतात ती बहुधा हलकीच आमिषं: पाच इंची मऊ प्लॅस्टिकचा किडा आणि एक गरी, बस्स. बेटकास्टर श्रेष्ठ ठरतो तो कमळाच्या पानांच्या जाळीतून मासा उपसताना, पन्नास पौंडी ब्रेड (बारीक धाग्यांची वेणी घातलेली, पन्नास पौंडांची ओढ सोसणारी लाइन) आणि जाड रॉड लावून. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. भाच्याला मी तो परत भिंतीला लावायला लावला.

स्पिनिंग रीळमध्ये चाकी स्थिर असते आणि लाइन तिच्या काठावरून सुटत जाते. हलकं आमिष, उलटा वारा, शिकाऊ हात, सगळं ते पोटात घेतं. माप २५०० घ्या. काही कंपन्या त्यालाच ३० म्हणतात. आठ पौंडी तंगूस त्यावर साधारण १४० यार्ड बसतं, बासला ते भरपूर. खोक्यावर बेअरिंगचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्याला भुलू नका. दहा हलकी बेअरिंग असलेल्या रीळपेक्षा तीन चांगली असलेलं जास्त टिकतं. दुकानात एवढं करून बघा: ड्रॅग अर्धा सैल करा आणि लाइन हळू ओढा. ती लोण्यातून निघाल्यासारखी निघाली पाहिजे. अडकत, झटके देत निघाली तर रीळ ठेवून द्या, कारण त्या झटक्यातच लाइन तुटून मासा जातो. शिमानोचं सिएना तिशीच्या घरात मिळतं. फ्लुगरचं प्रेसिडेंट त्याच्या जवळपास दुप्पट किमतीचं, आणि फिरवताना फरक हाताला लगेच जाणवतो. पण पहिल्या वर्षी त्या फरकाने एकही मासा जास्त मिळणार नाही, म्हणून शंभरात मी सिएनावरच थांबेन.

रॉडबद्दल थोडक्यात. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते वाचा. साडेसहा ते सात फूट, मीडियम ताकद, फास्ट म्हणजे वरच्या टोकाकडेच वाकणारा, लाइन ६ ते १२ पौंड, आमिष पाव ते अर्धा औंस, असं काहीतरी दिसलं की योग्य जागी आलात. निव्वळ ग्रॅफाइटचा रॉड हलका असतो आणि तळाचा खडासुद्धा हाताला सांगतो, पण गाडीच्या दारात चेमटला किंवा दगडावर आपटला की बारीक तडा जातो आणि पुढच्या माशाला मोडतो. फायबरग्लास जड आणि ढिला, पण मार सोसतो. दोन्हीचं मिश्रण असलेला अग्ली स्टिक १९७६ पासून विकला जातोय. त्याची सध्याची जीएक्स२ मालिका चाळीस-पन्नास डॉलरच्या आसपास मिळते. हाताला किंचित जड, टोक जरा मऊ, पण मुलं, मित्र आणि गाडीची डिकी यांतून वर्षानुवर्षं निभावून जातो. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर दोन तुकड्यांचाच घ्या. एका तुकड्याचा रॉड थोडा जास्त सांगतो हे खरं, पण जो लिफ्टमध्ये मावत नाही तो घरीच राहतो. रॉड घेताना लाइन जाते त्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे तडा आहे, आणि तीच कडी तुमची लाइन कापणार.

आता लाइन. चार वर्षांपूर्वी फॅरिंग्टन लेकच्या काठावर मी रॉड-रीळचा नवाकोरा तयार संच घेऊन गेलो होतो, लाइन आधीच भरलेला. संध्याकाळी पडलेल्या झाडाच्या बाजूने आमिष ओढताना जड धक्का बसला, मासा एकदा पाण्याबाहेर आला, मान झटकली आणि लाइन गाठीपासून नव्हे, मधूनच तुटली. तो चार पौंडांच्या खाली नव्हता. घरी येऊन उरलेली लाइन दोन्ही हातांत धरून ओढली तर शिवणाच्या दोऱ्यासारखी तुटत गेली. संच किती महिने दुकानाच्या काचेत उन्हात होता कोण जाणे. उन्हाने नायलॉन कुजतं. एक गरी तोंडात घेऊन तो मासा गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसापासून संच कुठलाही असो, त्यावरची लाइन मी पहिल्याच दिवशी काढून टाकतो.

तीन लाइनी शेजारी ठेवल्या तर चित्र असं दिसतं:

| | नायलॉन तंगूस | फ्लुरोकार्बन | ब्रेड |
|---|---|---|---|
| पाण्यात | सावकाश बुडते | लवकर बुडते | तरंगते |
| ताण | बराच | जोर लावला तर | जवळपास नाही |
| माशाला दिसणं | मध्यम | सगळ्यात कमी | स्पष्ट |
| साधारण खर्च | ३०० यार्ड, ७-८ डॉलर | २०० यार्ड, १५ च्या पुढे | १५० यार्ड, १५ च्या पुढे |
| टिकणं | एक हंगाम | एक-दोन हंगाम | काही वर्षं |

फ्लुरोकार्बन कमी दिसते, कारण तिच्यातून प्रकाश जवळपास पाण्यातून जातो तसाच जातो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हिचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. वाचायला छान वाटतं, पण स्वस्त फ्लुरोकार्बन ताठ असते. स्पिनिंग रीळवर पूर्ण भरली तर स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. आणि कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तिथेच कमजोर होते. शंभर डॉलरवाल्याने ती मुख्य लाइन म्हणून घेऊ नये. पुढे जोडायला तीन-चार फूट मात्र फार उपयोगी.

ब्रेडची गंमत तिच्या जाडीत आहे. पॉवरप्रो कंपनीची २० पौंडी ब्रेड ६ पौंडी तंगूसाइतकी बारीक असते. ती लांब जाते, झुडपातून मासा ओढून काढते आणि ताण नसल्याने माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. माझ्या खाडीवरच्या बोटाला सगळ्यात जवळची लाइन हीच. पण तिच्या अटी आहेत. थेट चाकीवर गुंडाळली तर घसरते, म्हणून खाली दहा-पंधरा वार तंगूस भरावं लागतं. गाठ पॅलोमारची घाला, नाहीतर सुटते. पुढे फ्लुरोकार्बन जोडायला डबल युनी नावाची गाठ शिकावी लागते. आणि अडकली तर हाताला गुंडाळून ओढू नका, कातडी कापते.

तंगूस ताणतं. हा दोष म्हणून सांगितला जातो, पण शिकाऊ हातासाठी तीच गादी आहे. मासा लागल्यावर नवखा माणूस घाबरून जोरात ओढतो, ड्रॅग बहुधा जास्त आवळलेला असतो, आणि तो झटका तंगूस पचवतं. साधी क्लिंच गाठ धरते. सात डॉलरमध्ये दोनदा भरण्याइतकं मिळतं, म्हणजे जून संपला की जुनं काढून उरलेलं अर्धं भरता येतं. म्हणून पहिल्या वर्षी ८ पौंडी तंगूस, दुसऱ्या वर्षी ब्रेड, हे माझं ठाम मत. मात्र कमळं आणि शेवाळ भरलेल्या तळ्यावरच जाणार असाल तर पहिल्याच दिवसापासून ब्रेड घ्या, गाठी घरी बसून शिका.

भरताना चाकीच्या काठाखाली जेमतेम तीन मिलिमीटर जागा ठेवा. जास्त भरली तर गुंता होतो, कमी भरली तर लांब जात नाही. ड्रॅग लावण्यासाठी वजनकाटा विकत घेऊ नका. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली लाइनला टांगा. ती किलोची, म्हणजे सुमारे सव्वादोन पौंडांची. ८ पौंडी लाइनच्या चौथाईला जरा जास्त. बाटली हळूहळू खाली उतरू लागेल इतपत ड्रॅग ठेवा.

तर भाच्यापुढे तीन टोपल्या होत्या. पहिली: पन्नासच्या आसपासचा तयार स्पिनिंग संच, वर सात डॉलरचं ताजं तंगूस आणि वीस डॉलरच्या गऱ्या, शिसं, प्लॅस्टिकचे किडे. पंचाहत्तर-ऐंशीत काम होतं. हा छंद टिकेल की नाही याची खात्री नसलेल्यांनी डोळे मिटून हीच घ्यावी. दुसरी: रॉड पंचेचाळीस, सिएना तिशीत, तंगूस सात, उरलेल्यात आमिषं. शंभर पूर्ण संपतात, पण पुढे रीळ बदललं तरी रॉड राहतो. तिसरी: बेटकास्टर संच, जाड लाइन आणि जड आमिषं, शंभराला थोडे वरच. हिच्यातला मोठा भाग गुंता सोडवण्यात जातो.

शिशाबद्दल एक: न्यू यॉर्कमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायला २००४ पासून बंदी आहे. जलपक्षी ती गिळतात आणि मरतात. पहिल्या टोपलीत जे वीस-पंचवीस डॉलर उरतात त्यातून शिशाऐवजी टंगस्टनची वजनं घेतलीत तर मला बरं वाटेल. तुटलेलं तंगूसही पाण्यात टाकू नका. बऱ्याच तळ्यांवर त्यासाठी खांबाला नळी लावलेली असते, तिच्यात घाला.

भाच्याने दुसरी टोपली उचलली. मी माझ्याकडून त्याला एक पक्कड दिली, गरीचा उलटा काटा दाबून सपाट करायला. इथे १५ एप्रिल ते १५ जून बास लागला तर लगेच सोडावाच लागतो. त्या दिवसांत पाणी कोमट व्हायला लागतं आणि नर अंड्यांच्या घरट्यावर राखण करत बसलेला असतो. त्याला जितका कमी वेळ पाण्याबाहेर ठेवाल तितकी त्याची पिल्लं वाचतात. नंतर घरी न्यायचाच असेल तर बारा इंचांखालचा नको, आणि त्या तळ्यासाठी पाऱ्याबद्दल काय सूचना आहे ते आधी वाचा.