ड्रिझ्ट, रेस्टलिन, गॉट्रेक की आर्थस? टाय-इन फॅन्टसीतलं पहिलं पुस्तक निवडताना

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने चार पुस्तकांची नावं पाठवली आणि खाली एकच ओळ: ‘यातलं एकच वाचणार आहे, कुठलं ते सांग.’ चारही टाय-इन. म्हणजे आधी गेम, मग त्या गेमच्या जगात घडणारी कादंबरी. ती स्वतः गेमच्या वाटेला जात नाही, ना फासे टाकून टेबलावर खेळायच्या, ना कॉम्प्युटरवरच्या. फॅन्टसी मात्र भरपूर वाचते, आणि टाय-इन कादंबरी म्हणजे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, असं तिचं ठाम मत आहे.

तिचं अगदीच चुकतं असं नाही. मीही अशीच एक कादंबरी साठाव्या पानावर मिटली होती (नाव नको). नायक दार उघडतो, आत तीन शत्रू, ते मरतात. पुढचं दार, आत पाच. दोन दारांच्या मध्ये तो औषधाची बाटली रिकामी करतो. हे वाचण्यापेक्षा खेळलेलं बरं. पण त्याच कपाटात मी तीन-तीनदा वाचलेली टाय-इन पुस्तकंही आहेत. फरक लेखकाच्या नावापेक्षा त्याच्या हातात काय दिलं होतं, यावर पडतो. लोकांनी आधीच खेळून झालेली गोष्ट परत सांगायला दिली असेल, तर शिळ्या कढीला ऊत. नकाशावरचा रिकामा कोपरा देऊन ‘इथे तुझं तू बघ’ म्हटलं असेल, तर पुस्तक स्वतःच्या पायावर उभं राहतं.

दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात बघायचे असतील तर तिच्या यादीतलं ‘आर्थस: राइज ऑफ द लिच किंग’ घ्या. क्रिस्टी गोल्डनने लिहिलेली ही २००९ सालची कादंबरी. ‘वॉरक्राफ्ट ३’ हा गेम २००२ सालचा. आर्थस हा चांगला राजपुत्र हळूहळू सैतान कसा होतो, ही त्या गेममधली गोष्ट खेळणाऱ्यांना तोंडपाठ आहे. गोल्डन सुरुवात करते ती त्याच्या लहानपणापासून. त्याच्या डोळ्यांसमोर जन्मलेलं एक पांढरं शिंगरू, मोठं झाल्यावर हिवाळ्यात त्याच घोड्यावरून मारलेली एक आगाऊ उडी, आणि मोडलेल्या पायांनी पडलेल्या घोड्याला स्वतःच्या हातांनी मारून सोडवायची वेळ. पुढचा सगळा आर्थस त्या बर्फात दिसतो. पण नंतर गेममधल्या मोहिमा एकामागून एक सुरू होतात आणि पुस्तक हजेरी घेतल्यासारखं पळायला लागतं. ज्याने गेममध्ये आर्थस होऊन एक शहर स्वतः जाळलं आहे त्याला त्या पानांत जुनी जखम सापडते. न खेळणाऱ्याला फक्त घाई जाणवते. म्हणून मैत्रिणीच्या यादीतून हे मी पहिलं काढलं. गेमर भावाला द्यायला उत्तम.

खरी चुरस डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या गेमच्या दोन पुस्तकांत आहे.

‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ हा ड्रॅगनलान्स मालिकेचा पहिला भाग, १९८४ सालचा, मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांचा. पाच वर्षांनी जुने मित्र प्रचंड झाडांच्या फांद्यांवर वसलेल्या गावात, एका सराईत भेटतात, आणि रात्र संपायच्या आत पळत सुटतात. ही गोष्ट एकाच वेळी खेळण्यासाठी आणि वाचण्यासाठी तयार होत होती, आणि पहिल्या भागात ते लपत नाही. टोळी मोठी. प्रत्येकाला एक काम: एक योद्धा, एक जादूगार, एक चोरटा, एक बुटका म्हातारा. एका संकटातून दुसऱ्यात उडी. लेखकांनाही ही बेडी जाचली असावी, कारण दुसऱ्या भागापासून त्यांनी आधी कादंबरी लिहिली आणि मग गेमचं साहित्य आलं. दुसरा भाग वाचताना मोकळा श्वास लगेच जाणवतो. त्याची एक गंमतही आहे: दोन भागांच्या मध्ये एक अख्खी मोहीम गाळलेली आहे. कादंबरीत ती ‘होऊन गेली’ म्हणून उरकली आहे. ती सविस्तर वाचायला २००६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा त्यावर वेगळी कादंबरी निघाली.

मग लोक या मालिकेवर एवढा जीव का टाकतात? रेस्टलिनमुळे. सोनेरी कातडीचा, सतत खोकणारा, धडधाकट जुळ्या भावाच्या आधाराने चालणारा जादूगार. त्याच्या बाहुल्या वाळूच्या घड्याळाच्या आकाराच्या आहेत, आणि त्या डोळ्यांना समोरचं सगळं झिजताना दिसतं. सुंदर बाई बघितली तरी त्याला ती म्हातारी होताना, कुजताना दिसते. एकदा हे वाचलं की त्याची प्रत्येक चिडचिड वेगळी ऐकू येते. पुढे १९८६ साली याच दोन भावांवर ‘लेजंड्स’ ही तीन भागांची मालिका आली. माझ्या मते ड्रॅगनलान्समधलं सगळ्यात चांगलं काम तेच. अडचण एकच, तिथे पोचायला आधीची तीन पुस्तकं पार करावी लागतात. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे.

समोर आहे आर. ए. साल्वातोरेचं ‘होमलँड’, १९९० सालचं. फॉरगॉटन रेल्म्स हे जग मुळात एड ग्रीनवुडचं; साल्वातोरे तिथला भाडेकरू. त्याचा ड्रिझ्ट हा काळ्या कातडीचा एल्फ १९८८ च्या ‘द क्रिस्टल शार्ड’मध्ये दुसऱ्याच नायकाचा सोबती म्हणून आला आणि त्यालाच बाजूला सारून पुढे निघाला. वाचकांना तोच हवा होता. तेव्हा लेखक मागे गेला आणि त्याचं जमिनीखालचं गाव लिहिलं. तोच तो रिकामा कोपरा.

या गावाचं नाव मेन्झोबेरान्झन. सूर्य नाही. मधोमध एक दगडी खांब आहे. रोज एक जादूगार त्याच्या बुडाला उष्णता देतो, ती हळूहळू वर चढते, आणि उष्णता बघू शकणारे हे लोक त्या चढत्या लालीवरून वेळ सांगतात. राज्य बायकांचं, धर्म कोळी-देवतेचा. कायदा असा: एका घराण्याने दुसऱ्याचा निर्वंश केला तर गुन्हा नाही, फिर्याद करायला त्या घरातलं कुणी जिवंत उरलं, तर मात्र गुन्हा. पहिल्याच प्रकरणात एका बाजूला असा हल्ला चालू आहे आणि दुसऱ्या बाजूला हल्ला करणाऱ्या घराची कर्ती बाई बाळंत होते आहे. जन्मणारा मुलगा तिसरा, म्हणून देवीला बळी जायचा. तो वाचतो, कारण त्याच रात्री त्याच्या एका भावाने दुसऱ्याचा काटा काढला आहे, त्यामुळे हा आता तिसरा राहिला नाही. यात गेम कुठेच लागत नाही. चांगल्या कादंबरीला जे लागतं ते आहे: एक घर, त्याचे नियम, आणि नियम न पटलेला मुलगा.

दोष आहेत. तलवारींच्या लढाया पानंच्या पानं चालतात. मनगट कसं वळलं, पाय कुठे पडला, सगळं. मी बेलाशक उड्या मारतो. प्रत्येक खंडाच्या आधी ड्रिझ्टचं एक चिंतन येतं. सोळाव्या वर्षी ते मला उपनिषद वाटायचं, आता दोन मिनिटांत संपतं. आणि नावं! मॅलिस, ब्रिझा, व्हिएर्ना, माया, डिनिन, नाल्फेन, झॅकनाफेन, सगळी एका घरातली. मैत्रिणीला म्हटलं, पहिल्या पन्नास पानांसाठी कागद जवळ ठेव.

चौथं, विल्यम किंगचं ‘ट्रॉलस्लेयर’ (१९९९), वॉरहॅमर या टेबलावरच्या गेमच्या जुन्या जगातलं. याची कल्पना चारांत सगळ्यात भन्नाट आहे. कसल्याशा कलंकापायी गॉट्रेक नावाचा बुटका वीरमरण शोधत फिरतो. फेलिक्स हा कवी, दारूच्या नशेत शपथ घेऊन बसला आहे की त्या मरणाचं महाकाव्य तोच लिहील. गॉट्रेक राक्षसाशी भिडतो, जिंकतो, आणि खट्टू होतो. कवी जिवंत राहिल्याबद्दल सुटकेचा श्वास सोडतो आणि पुन्हा त्याच्यामागे चालू लागतो. पुस्तक एकमेकांत गुंफलेल्या कथांचं आहे, त्यामुळे रात्री एक कथा वाचून झोपता येतं. भाषेची अपेक्षा फार ठेवू नका, अंधाराची ठेवा.

मग निवड कशी करायची? टोळीने केलेला मोठा प्रवास, युद्ध, प्रेमात पडलेले दोघं-चौघं हे आवडत असेल आणि सहा पुस्तकांची तयारी असेल, तर ड्रॅगनलान्स. हाताशी वेळ तुकड्यातुकड्यांचा असेल तर गॉट्रेक. तीन पुस्तकांत समाधानाने थांबायचं असेल तर ‘होमलँड’, ‘एक्झाइल’, ‘सोजर्न’, आणि तिथे खरंच थांबा. ड्रिझ्टची पुस्तकं तीसच्या वर गेली आहेत आणि सगळी सारख्या ताकदीची नाहीत. ‘क्रिस्टल शार्ड’ आधी आलं म्हणून आधी वाचायलाच हवं असंही नाही. त्यात लेखकाचा हात अजून बसलेला नाही.

एक गैरसमज जाता जाता: ‘विचर’ ही फॅन्टसी मालिका या यादीत नाही, कारण ती टाय-इनच नाही. तिथे पोलिश पुस्तकं आधी आली, गेम २००७ मध्ये.

मैत्रिणीला मी ‘होमलँड’ सांगितलं. काल रात्री तिने एका कागदाचा फोटो पाठवला. सात नावं ओळीने लिहिलेली, त्यातलं एक आधीच खोडलेलं.